घाई विसरायला शिकताना: धोकादायक संसर्गाच्या रुग्णांसाठी रुग्णवाहिकेचे क्रू तयार करण्याच्या नोंदी

४ जून

काम आजपासून सुरू. इबोला, मारबर्ग, निपाह, क्रिमियन-काँगो ताप, मर्स, फुप्फुसाचा प्लेग अशा आजाराचा रुग्ण एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवायची वेळ आलीच, तर ते काम अंगावर घेऊ शकतील असे मोजके क्रू उभे करायचे आहेत. माणसं रोजच्या शिफ्टमधलीच, पण स्वेच्छेने आलेली. कुणावरही सक्ती नाही आणि नाव मागे घेतलं तर कारण विचारायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगितलं.

सर्वांत ज्येष्ठ चालकांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, कॉल आल्यापासून किती मिनिटांत गाडी हलली पाहिजे?" त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. हृदयविकार, अपघात, अडलेली बाळंतीण, आमच्या कामाची सगळी शाबासकी मिनिटांवरच ठरते. मी सांगितलं, या कामात मिनिटांचा हिशेब नाही. रुग्ण बहुतेक वेळा आधीच कुठेतरी दाखल असतो, वेगळ्या खोलीत असतो. त्याला हलवायची तयारी करायला काही तास लागले तरी चालतील. तयारी अर्धवट ठेवून निघालेलं चालणार नाही.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. ही मंडळी धाडसी आहेत, त्यांना धैर्य शिकवायची गरज नाही. अंगात मुरलेली घाई कशी उतरवायची, हाच या प्रशिक्षणाचा खरा विषय असणार आहे.

७ जून

आज वर्ग. औषधशास्त्रात शिरले नाही, फक्त आजार कोणत्या वाटेने पसरतो त्यावर भर दिला. इबोला आणि मारबर्ग रक्त, उलटी, जुलाब, घाम अशा स्रावांतून पसरतात. लक्षणं दिसायच्या आधी रुग्ण इतरांना लागण करत नाही, आणि तो जितका खालावत जातो तितका त्याच्या अंगातला विषाणू वाढत जातो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला २ ते २१ दिवस लागतात, म्हणून प्रवासाची आणि संपर्काची चौकशी मागच्या २१ दिवसांची करायची. मर्स श्वासावाटे. फुप्फुसाचा प्लेग खोकल्याच्या थेंबांतून, पण त्यावर प्रतिजैविकं आहेत आणि संपर्कात आलेल्यांना ती आधीच देता येतात. निपाहमध्ये स्रावही आणि श्वासाचे थेंबही.

यातून कामाच्या दोन पायऱ्या निघाल्या. 'कोरडा' रुग्ण म्हणजे ताप, अंगदुखी, अशक्तपणा असलेला, स्वतः चालू शकणारा. 'ओला' रुग्ण म्हणजे उलट्या, जुलाब किंवा रक्तस्राव सुरू असलेला. एकाच आजाराचे हे दोन रुग्ण, पण अंगावर चढवायचं संरक्षक किट वेगळं, गाडीची तयारी वेगळी, माणसंही वेगळी. निघताना कोरडा असलेला रुग्ण वाटेत ओला होऊ शकतो, म्हणून शंका असेल तिथे ओल्याची तयारी धरायची.

कुणीतरी विचारलं, एवढा खटाटोप खरंच लागतो का? मी इतिहासातल्या दोन-तीन गोष्टी सांगितल्या. २००३ च्या सार्समध्ये जगभरात ८,०९६ रुग्ण नोंदले गेले, ७७४ दगावले. रुग्णांपैकी साधारण एक पंचमांश आरोग्य कर्मचारी होते. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात मर्सचे १८६ रुग्ण झाले, त्यांत रुग्णाला घेऊन जाणारा रुग्णवाहिकेचा चालकही होता. २०२४ मध्ये रवांडात मारबर्गचे ६६ रुग्ण सापडले, त्यांतले बहुतेक आरोग्यसेवेतलेच. आणि दुसरी बाजूही सांगितली. २ ऑगस्ट २०१४ रोजी अटलांटातल्या एमरी विद्यापीठ रुग्णालयाच्या दाराशी इबोलाचा रुग्ण रुग्णवाहिकेतून उतरला आणि आधार घेत स्वतःच्या पायांनी आत गेला. त्या क्रूने अशा दिवसाची तयारी कित्येक वर्षं आधीपासून केलेली होती. त्या क्रूला लागण झाली नाही.

१२ जून

मास्कची फिट टेस्ट. डोक्यावर हुड, आत कडू चवीच्या द्रावणाचा फवारा. मास्क लावून साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, वर-खाली, मग मोठ्याने बोलणं, मग वाकणं. यातल्या कुठल्याही टप्प्यावर जिभेला कडू लागलं की तो मास्क त्या चेहऱ्याचा नाही. मास्क न लावता ती चव त्या माणसाला कळते का, हे आधी बघून घ्यावं लागतं, नाहीतर टेस्टला अर्थ नाही.

एन-९५ एकच असतो असा समज आज गळून पडला. एकाला एका कंपनीचा बसला, दुसऱ्याला तोच नाकाच्या बाजूने गळत होता. मापं आणि कंपन्या वेगवेगळ्या मागवाव्या लागतील. दाढी असेल तर कडेने हवा शिरतेच. दोघांनी दाढी काढली. एक तंत्रज्ञ श्रद्धेपोटी दाढी ठेवतो. त्याच्याशी त्यावर वाद घालायचा नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. त्याच्यासाठी पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारा सैल हुड आहे, तो दाढीवरही चालतो. आमच्याकडे असे संच कमी आहेत, म्हणून एक त्याच्या नावाने बाजूला ठेवला.

१५ जून

किट घालण्याचा सराव. विशेष लिहिण्यासारखं नाही. घालताना सगळे सावध असतात. बूट, आतले ग्लोव्ह्ज, कव्हरॉल म्हणजे अंगभर झाकणारा पोशाख, मास्क, हुड, फेस शील्ड, एप्रन, बाहेरचे ग्लोव्ह्ज. सुरुवातीला पाणी पिणं, लघवीला जाऊन येणं, घड्याळ-अंगठी-मोबाइल काढणं. केस बांधणं. चष्म्याला दोरी.

छातीवर आणि पाठीवर मार्करने मोठ्या अक्षरात नाव आणि किट घातल्याची वेळ लिहायची, हे आजपासून पक्कं. आतला माणूस कोण आणि किती वेळ आत आहे, दोन्ही लांबून कळलं पाहिजे.

१८ जून

आजची नोंद लांब होणार, कारण आज सगळं काम किट काढण्याचं होतं.

अतिनील प्रकाशात चमकणारं लोशन एप्रनवर, बाहेरच्या ग्लोव्ह्जवर, कव्हरॉलच्या बाह्यांवर चोपडलं. मग प्रत्येकाला म्हटलं, आपल्या आपण किट काढा, जसं येतं तसं. काढून झाल्यावर दिवे बंद केले आणि अतिनील टॉर्च लावला. कानाच्या खाली, मानेवर एक लांबट डाग. एकाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे ग्लोव्हची कड संपते तिथे, बोटाएवढा पट्टा. एकीच्या चष्म्याच्या काडीवर ठिपके. ज्येष्ठ चालकांच्या बुटांच्या नाड्या उजळून निघाल्या. ते स्वतःच्या हातांकडे आणि नाड्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. इथे मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

डाग कुठे पडतात त्यालाही एक नियम दिसला. सुरुवातीच्या पायऱ्यांवर फारसे नाहीत. एप्रन गेला, बाहेरचे ग्लोव्ह्ज गेले, कव्हरॉल उतरला, की अंगाला हवा लागते आणि मन म्हणतं 'झालं'. मग हुड भराभर मागे ओढला जातो, मास्कला समोरून हात लागतो, कपाळ पुसलं जातं. धोका शेवटच्या तीन पायऱ्यांमध्ये साठलेला असतो आणि माणूस नेमका तिथेच सैलावतो.

दुसऱ्या फेरीत वाचक उभा केला. वाचकाने हातात कागद धरून एक पायरी मोठ्याने वाचायची, समोरच्याने ती करायची, वाचकाने नीट झाली का बघायचं, आणि मगच पुढची वाचायची. वाचक हात लावत नाही, गप्पा मारत नाही, पाठ असलं तरी कागद सोडत नाही. प्रत्येक पायरीनंतर ग्लोव्ह्जवर जंतुनाशक. कव्हरॉल आतून बाहेर गुंडाळत खाली न्यायचा, हात फक्त आतल्या बाजूला. मास्क सर्वांत शेवटी: आतले ग्लोव्ह्ज बदलून, डोळे मिटून, मान थोडी पुढे झुकवून, आधी खालचा पट्टा, मग वरचा, पुढच्या भागाला स्पर्श नाही. समोर पूर्ण उंचीचा आरसा. वेळ कितीतरी जास्त लागला. टॉर्चखाली डाग मात्र तुरळक राहिले.

यात एक अडचण निघाली ती वयाची आणि मानाची. सर्वांत धाकटी तंत्रज्ञ वाचक होती आणि समोर ज्येष्ठ चालक. त्यांचा हात हुडाच्या पुढच्या बाजूला जायला लागला तेव्हा ती हळूच म्हणाली, "काका, जरा..." हुडाच्या आत ते ऐकूच गेलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "त्यांना कसं ओरडणार?" तिचं म्हणणं खरं आहे, आपल्याकडे मोठ्यांना मध्येच अडवत नाहीत. म्हणून ते काकांकडूनच वदवून घेतलं. त्यांनी सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "बाळ, मला थांबव. जोरात थांबव. मला राग येणार नाही." त्यानंतर ठरलं की इशारा एकच: 'थांबा'. काका नाही, दादा नाही, सर नाही, कृपया नाही. सोबत उघडा तळहात समोर. तो दिसला की समोरचा आहे तिथे गोठतो आणि आधी हात शरीरापासून लांब धरतो. हा अधिकार वाचकाला आहे, मग वाचक कुणीही असो.

२० जून

किट घालून काम, उन्हात. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीत पूर्ण किटमधली माणसं साधारण पाऊण ते एक तासात बाहेर काढत, ते का, हे आज सगळ्यांना अंगाने कळलं. गॉगलवर आतून धुकं धरतं, बूट घामाने ओले होतात, साधी बेरीज चुकायला लागते. आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर पाणी आणि नाडी तपासणं सक्तीचं केलं. चक्कर, मळमळ, बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही जाणवलं तर स्वतःहून सांगायचं; सांगणाऱ्याला कुणी कमकुवत म्हणणार नाही.

प्रवास पाऊण तासापेक्षा लांब असेल तर वाटेत माणसं बदलण्याची जागा आधी ठरवावी लागेल. किट उतरवायला आडोसा, पाणी, कचऱ्याची सोय आणि वाचक लागतो, तेव्हा ती जागा म्हणजे रस्त्याची कड असून चालणार नाही.

२४ जून

गाडी. जे लागणार नाही ते सगळं बाहेर काढलं: कप्प्यांतली औषधं, जादा चादरी, कागदपत्रं, भिंतीवरच्या पिशव्या. जे राहील ते एकतर वापरून टाकायचं किंवा पुसता येणारं.

भिंती आणि छताला जाड प्लास्टिक लावलं. ते वरून खाली लावायचं आणि वरचा तुकडा खालच्यावर चढवायचा, म्हणजे ओघळ पाठीमागे जात नाही. दारांच्या कड्या, हवेच्या जाळ्या आणि आणीबाणीची वाट झाकायची नाही. जमिनीवर शोषून घेणारे पॅड, कडांना टेप.

चालकाची केबिन मागच्या भागापासून वेगळी हवी. खिडकीच्या फटी टेपने बंद केल्या. हवा केबिनकडून रुग्णाकडे आणि तिथून बाहेर गेली पाहिजे, उलट कधीच नाही. त्यासाठी केबिनचा पंखा पूर्ण जोरात, हवा बाहेरून घेणारी कळ चालू (आतलीच हवा फिरवणारी नव्हे), आणि मागचा एक्झॉस्ट चालू. फट बंद करण्याआधी टिश्यूची पट्टी तिच्याशी धरून बघितली: एक्झॉस्ट चालू असताना पट्टी रुग्णाच्या बाजूला ओढली गेली, बंद केल्यावर लोंबकळत राहिली. पट्टीची ही तपासणी निघण्यापूर्वीच्या यादीत घातली. करायला क्षणभर लागतो आणि पंखा बंद राहिला असेल तर लगेच कळतं.

चालकाने रुग्णाला हात लावायचा नाही, स्ट्रेचरसुद्धा उचलायचं नाही. काकांना हे जड गेलं. आयुष्यभर त्यांनी चालवलंही आणि उचललंही. पण स्टीअरिंगवरचे हात स्वच्छ राहिले तरच मागे बसलेल्यांना कुणीतरी बाहेर काढू शकेल, हे त्यांनी मानलं.

२७ जून

मागच्या भागात काय करायचं आणि काय नाही. चालत्या गाडीत सुई नाही. लावायचीच असेल तर गाडी थांबवून, आणि शक्यतो सलाइनची सोय निघण्याआधी रुग्णालयातच. उलटीचं औषध निघण्याआधी. नेब्युलायझर नाही. श्वासनलिकेत नळी घालणं, सक्शन, छाती दाबणं यांतून बारीक थेंब हवेत उडतात. म्हणून श्वास ढासळत असेल तर नळी निघण्याआधी, खोलीतच. फुग्याने श्वास द्यावा लागला तर फुगा आणि मास्कच्या मध्ये बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर. रुग्णाला झेपत असेल तर साधा सर्जिकल मास्क.

स्टेथोस्कोप हुडामुळे वापरता येत नाही, तेव्हा श्वासाचा वेग डोळ्यांनी, ऑक्सिजन आणि नाडी मॉनिटरवर. नोंदी लिहायच्या कशा हा प्रश्न छोटा वाटतो, पण आत गेलेला कागद आणि पेन बाहेर येत नाहीत. आतल्या माणसाने आकडे मोठ्याने सांगायचे, मागून येणाऱ्या गाडीतल्या माणसाने रेडिओवर ऐकून लिहायचे आणि परत वाचून दाखवायचे.

रुग्ण वाटेतच दगावला तर थांबायचं नाही, रस्ता बदलायचा नाही, ठरलेल्या रुग्णालयातच जायचं. इबोलासारख्या आजारात मृतदेहही तितकाच संसर्गजन्य असतो. अपघात झाला तर चालकाने आधी मागचं दार बंद ठेवायचं आणि मदतीला धावलेल्या लोकांना लांब थांबवायचं. काय सांगायचं ते कार्डावर लिहून केबिनमध्ये लावलं, कारण त्या क्षणी शब्द सुचत नाहीत.

२ जुलै

सफाई. जंतुनाशक ओतलं म्हणजे गाडी साफ झाली, हा समज मोडायला वेळ लागला. रक्त किंवा उलटीचा थर असेल तर क्लोरीन त्या थरातच खर्ची पडतं. आधी शोषून घेणारा कागद टाकायचा, त्यावर ०.५ टक्के क्लोरीन, म्हणजे ५,००० पीपीएम, कडेकडून मध्याकडे ओतायचं, किमान १० मिनिटं तसंच ठेवायचं, मग उचलायचं, मग पुन्हा जंतुनाशकाने पुसायचं. पृष्ठभाग तेवढा वेळ ओला राहिला पाहिजे. लगेच कोरडा पुसला तर काही साधत नाही.

बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक भाग द्रावण, नऊ भाग पाणी. १० टक्के असेल तर एकाला एकोणीस. लेबल न वाचता सवयीने ओतायचं नाही. ऊन आणि उष्णतेने क्लोरीनचा जोर उतरतो, म्हणून द्रावण रोज ताजं आणि बादलीवर तारीख. आम्लाच्या क्लीनरमध्ये किंवा अमोनियात चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. माणसांवर फवारणी तर अजिबात नाही. सफाई करणाऱ्यांनाही तेच किट आणि तोच वाचक. त्यांचं प्रशिक्षण क्रूच्या बरोबरीनेच झालं, वेगळ्या खोलीत नंतर नव्हे. ते माझ्या दृष्टीने महत्त्वाचं होतं.

५ जुलै

कंट्रोल रूमबरोबर बैठक. कॉल घेणाऱ्याने विचारायचे प्रश्न ठरले: ताप, उलटी-जुलाब, रक्तस्राव, २१ दिवसांतला प्रवास, आजारी माणसाशी किंवा प्राण्याशी संपर्क. शंका आली तर क्रूला दारात पोचण्याआधी कळलं पाहिजे. ओळखा, वेगळं करा, कळवा, याच क्रमाने.

१० जुलै

पूर्ण सराव. आमच्यातलीच एक परिचारिका रुग्ण झाली. कोरडा रुग्ण म्हणून निघाली, वाटेत ओली झाली: तिच्या बाजूला लपवलेली चमकणाऱ्या रंगीत पाण्याची पिशवी तिने सांगून ठेवल्याप्रमाणे गाडी वळताना फोडली. आतल्या तंत्रज्ञाचा हात लगेच कापडाकडे गेला, तो खाली वाकायला लागला आणि दुसऱ्याने 'थांबा' म्हटलं. तो थांबला. दोघांनी आधी दांडा धरला, चालकाला सांगितलं, वळण संपू दिलं, मग शोषून घेणारा कागद टाकला. सगळ्या सरावातली मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट हीच. महिन्यापूर्वी तो माणूस वाकला असता.

रुग्णालयाशी पोचल्यावर मात्र पंचाईत झाली. स्वागत करणारं पथक दुसऱ्याच दारापाशी उभं होतं. गाडी बंद दारासमोर, आत किटमधली माणसं, बाहेर ऊन. दार सापडेपर्यंत एका तंत्रज्ञाचं बोलणं अडखळायला लागलं होतं. आतमध्ये वेळ मोजणारं कुणी नव्हतं, मागच्या गाडीतल्या माणसाने पाठीवरची वेळ बघून त्याला आधी उतरवायला सांगितलं.

किट काढताना टॉर्चखाली एकाच्या बुटाच्या तळाशी रंग सापडला, बाकी सगळे स्वच्छ.

रुग्ण झालेल्या परिचारिकेचं म्हणणं मी शब्दशः लिहून ठेवते: "मला चेहरेच दिसत नव्हते. सगळे माझ्याशी चांगलं बोलत होते, पण कोण बोलतंय तेच कळत नव्हतं. नाव वाचलं की बरं वाटायचं. पुढे काय होणार ते मला आधी सांगा." हे सगळं शरीर चांगलं असलेल्या, सगळं माहीत असलेल्या बाईचं झालं. खऱ्या रुग्णाला तर ताप असेल, घरच्यांपासून तुटलेला असेल. निघण्याआधी एक जण किट न घालता काचेपलीकडून आपला चेहरा दाखवेल आणि नाव सांगेल, मग तोच आत जाईल, असं ठरवलं. रुग्णाच्या घरच्यांना गाडी कुठे चालली आहे हे सांगणारा माणूसही नेमला.

१२ जुलै

सरावातून निघालेले बदल कागदावर आणले. समोरच्या रुग्णालयातून "दार उघडं आहे, लिफ्ट धरून ठेवली आहे, माणूस दारात उभा आहे" असं शब्दात ऐकल्याशिवाय चाक हलणार नाही. कोणतं दार ते दोन्ही बाजूंनी एकमेकांना वाचून दाखवायचं. मागच्या गाडीत वेळ बघणारा वेगळा माणूस, त्याला दुसरं काम नाही.

ग्लोव्ह फाटला किंवा डोळ्यात थेंब उडाला तर काय, यावर आज शांतपणे बोललो. काम दुसऱ्याकडे सोपवायचं, क्रमाने पण लगेच बाहेर यायचं, त्वचा साबण-पाण्याने धुवायची, डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने, आणि त्याच क्षणी कळवायचं. इबोलाच्या कामानंतर संपूर्ण क्रूचं तापमान २१ दिवस रोज दोनदा मोजायचं, संपर्क झालेला असो वा नसो. या काळातल्या पगाराचं आणि रजेचं लेखी उत्तर मी वरिष्ठांकडे मागितलं आहे. त्या कागदावर सही होईपर्यंत हे क्रू कामासाठी तयार आहेत असं मी लिहून देणार नाही. घरी परतल्यावर आपलं काय होणार हे माहीत नसलेल्या माणसाला ताप लपवावासा वाटू शकतो.

१९ जुलै

सही झाली. यादी पक्की. दर तीन महिन्यांनी किट काढण्याचा सराव, टॉर्चसकट, आणि प्रत्येक वेळी वाचक बदलून. पुढच्या तुकडीचे पहिले वाचक काका असतील. त्यांनी कागद मोठ्या अक्षरात छापून मागितला आहे. उद्या छापून देते.